जगलेला भिका

डोंगराकडच्या पाड्यांवर भिका इतके, की हाक मारायची तर बापाचं नाव जोडावंच लागे. हा भिका जिवल्याचा. याच्या आधीची तीन मुलं गेली, तेव्हा त्याच्या आईनं, नवसीनं, याला सुपात घातलं आणि पाच घरी तांदूळ मागितले. मागून आणलेलं पोर. यमाला वाटावं, हे हिचं नव्हेच. म्हणून भिका. आईचा सगळा जीव त्या नावात गोळा झालेला होता.

चौऱ्याहत्तर साली तो एडवणला नरहरीशेठच्या वाडीत झाडांना पाणी घालायला होता. लग्न झाल्यावर त्यानं ठकीला तिथं आणलं, सोबत तिचे आईबाप. शेठ ओटीवर पाहुण्यांत बसलेले. म्हणाले, "भिकाऱ्याला भिकारीण गावली. जोडा बरा जमला."

पाहुणे हसले. ठकीचा बाप स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. भिकानं हळूच सांगून पाहिलं, "मागून मिळवलेला तो भिका, शेठ. मागणारा नाय." त्यावर हसू दुप्पट झालं.

महिन्याभरात त्यानं वाडी सोडली. बोईसरला कारखान्यात लागला, जवळच सालवडला चाळीत खोली घेतली. तिथल्या हजेरीपटावर आणखी दोन भिका होते, कुणी हसत नव्हतं. पण ती ओटी काही त्याच्या डोक्यातून उतरली नाही. पाळीवरून आला की जेवता जेवता शेठला काय काय ऐकवायचं ते तो जुळवत बसे, आणि ठकी भाकरी वाढत ऐकून घेई. बारा वर्षं हेच चाललं.

मग एका दुपारी शेठ आणि त्यांची बायको माई दारात उभी राहिली. त्यांच्या सुनेची, आनंदीची, दोन बाळं गेली होती. तिसरा मुलगा महिन्याचा होता. कुणा जाणत्या म्हातारीनं सांगितलं होतं, जगलेल्या भिकाच्या अंगावरचं कापड मागून आणा, त्यात पोर गुंडाळा आणि नाव तेच ठेवा. शेठना भिका एकच माहीत होता.

ठकीनं बाज पुढे ओढली. भिकानं ती पायानं मागे सारली.

"मागायला आलेला बसत नाय, शेठ."

माईंनी पदर पसरला. त्यानं मान हलवली. बाईनं नाही, घरच्या कर्त्यानं मागायचं, उंबऱ्याबाहेरून, पाच घरांना ऐकू जाईल असं. पाच घरं रीतीतली होती. कर्ता पुरुष त्यानं पदरचा घातला. नवसीनं तर एकटीनंच मागितलं होतं. ठकीला हे ठाऊक होतं, पण तिला बापाची खाली गेलेली मान आठवली आणि ती बोलली नाही.

शेठ काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाय आलं."

शेजारच्या खोल्यांतली माणसं बाहेर आली. पलीकडच्या बिहारी मिस्त्रीनं विचारलं, "क्या हुआ, भिकाभाई?" शेवटी शेठनी दोन्ही हात पुढे केले आणि चाळभर ऐकू गेलं, "भिका, भीक घाल."

"शाळेत पण हेच नाव लावा. दुसरं लावलंत तर कापड लागू नाय पडायचं."

शेठनी मान डोलवली. भिकानं अंगातला निळा सदरा उतरवला. फेकावासा फार वाटला, पण बाळानं त्याचं काय वाकडं केलं होतं? घडी घालून त्यानं तो शेठच्या हातांवर ठेवला.

पोर जगलं. त्र्याण्णव साली भिका मुद्दाम एडवणला गेला आणि वाडीच्या कुंपणाशी बिडी ओढत थांबला. शाळा सुटली होती. शेठचा नातू पुढे आणि चार पोरं मागे, "भिकारी, भिकारी" करत. म्हातारे शेठ काठी उगारून ओटीवरून उतरले.

"भिकारी कुणाला म्हणता रे? मागून मिळवलेला हाय तो. मागणारा नाय."

कुंपणापलीकडे भिकानं बिडी विझवली.

"ऐकू नाय आलं, शेठ."