जास्त पैसे भरणाऱ्यांची रांग

व्हिसाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपसूक साठतात. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या ऑफिसात दुपारी मायक्रोवेव्हसमोर चार मराठी माणसं डबे घेऊन उभी राहिली, की भाजी गरम व्हायच्या आत एक किस्सा होतो. मी इथे अठरा वर्षं आहे, आता पासपोर्टही इथलाच. कंपनीत माझं काम एचआरचं, त्यातही परदेशातून आलेल्यांच्या व्हिसाचे कागद बघायचं. त्यामुळे वैशाली हे नाव मागे पडलं आणि सगळे मला 'व्हिसाताई' म्हणायला लागले. नवऱ्याचे मित्रसुद्धा!

आधी रांगा समजून घ्या. व्हिसा वाढवायचा अर्ज केला, की साध्या रांगेत साधारण दोन महिने. जास्त पैसे भरले तर पाच दिवस. त्याच्या दुप्पट भरले तर दुसऱ्या दिवशी निकाल. याला म्हणायचं सुपर प्रायॉरिटी. आमच्या टेस्टिंगमधल्या अनघाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे धर्मदर्शन, पास आणि व्हीआयपी!" फरक एवढाच, की देवळात व्हीआयपीला निदान देव दिसतो.

एक नियम मात्र तिन्ही रांगांना सारखा. अर्ज केल्यापासून निकाल येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडलात, तर तुम्ही अर्ज मागे घेतला असं धरतात. तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

केदार पुण्याचा. डेटाबेस बघतो आणि सगळ्यांना शहाणपण शिकवतो. त्याने सुपर प्रायॉरिटीचे पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ईमेल बघत बसला. संध्याकाळी माझ्याकडे आला. "व्हिसाताई, फसवणूक आहे ही! दुसरा दिवस संपला."

मी म्हटलं, "अरे, बोटांचे ठसे दिलेस का?"

दुसरा दिवस मोजायचा तो पैसे भरल्यापासून नाही, ठसे दिल्यापासून. आणि ठसे द्यायची आमच्या जवळची अपॉइंटमेंट होती तीन आठवड्यांनी! लवकरची हवी तर कार्डिफला होती, तिचे वेगळे पैसे. केदारने तेही भरले. पहाटे उठून कार्डिफला गेला आणि पुणेरी शिस्तीप्रमाणे दीड तास आधी दारात हजर झाला. दारावरच्या माणसाने सांगितलं, दहा मिनिटं आधी या. बाहेर पाऊस.

केदार म्हणाला, "माझी सुपर प्रायॉरिटी आहे."

तो माणूस फार प्रेमळ होता. म्हणाला, "असू दे ना. आत आल्यावर सुरू होईल ती."

*

अनघाची गोष्ट वेगळी. तिची अपॉइंटमेंट गुरुवारची होती, म्हणजे शुक्रवारी व्हिसा हातात. बुधवारी डोंबिवलीहून सासूबाईंचा फोन. "गुरुवारी अमावास्या आहे गं. एवढं महत्त्वाचं काम, उद्या नको."

अनघा म्हणाली, "अहो आई, अर्ज इथला, साहेब इथला, त्याला कुठे माहितीये अमावास्या!"

"त्याला नसेल, आपल्याला आहे ना?"

झालं. अनघाने अपॉइंटमेंट शुक्रवारवर ढकलली. पुढे शनिवार, रविवार, आणि सोमवारी ऑगस्टची बँक हॉलिडे! कामाचा पुढचा दिवस उजाडला तो थेट मंगळवारी. एका दिवसात काम व्हावं म्हणून एवढे पैसे मोजून बाई चार दिवस नखं खात बसली. मंगळवारी दुपारी व्हिसा आला, तिने सासूबाईंना कळवलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? गणपतीच्या वारी आलं!"

*

तुम्ही म्हणाल, ही लोकं अडाण्यासारखं करतात. मग माझंच ऐका.

नव्या माणसाला बोलवायचं तर कंपनीलाही आधी परवानगी मागावी लागते. तिलाही लवकरची रांग आहे, पण तिच्यात रोज मोजक्याच अर्जांना जागा. सकाळी खिडकी उघडली, की पहिल्यांदा ज्यांचे ईमेल पोचतात त्यांचेच पैसे घेतात. तत्काळ तिकीट काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी तीन दिवस घड्याळाकडे बघत बोट बटणावर ठेवून बसले. तीनही दिवस उत्तर आलं, आजच्या जागा संपल्या.

चौथ्या दिवशी आमचा मॅनेजर ग्रॅहम वाकून माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "वैशाली, एवढा त्रास कशाला? आपण सरळ जास्त पैसे भरून टाकू या ना!"

मी म्हटलं, "ग्रॅहम, ही जास्त पैसे भरणाऱ्यांचीच रांग आहे."

तो सरळ उभा राहिला. मग माझ्यासाठी चहा करून घेऊन आला. इंग्रज माणूस हरला, की चहा करतो.

*

इथवर हसलात ना? आम्हीही हसायचो. प्रशांतचं झालं, त्यानंतर हसणं कमी झालं.

प्रशांत नागपूरचा. आमच्या कंपनीत सहा वर्षं. शांत, कामाला वाघ. बायको, सात वर्षांची मुलगी. वडील नागपूरला, निवृत्त शाळामास्तर. वडिलांना कॅन्सर निघाला, आणि डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितला. नेमका त्याच महिन्यात प्रशांतचा व्हिसा संपत होता. अर्ज न करता गेला, तर व्हिसा तिकडेच संपणार. मग सगळं तिथून नव्याने, नोकरी राहील की नाही कोण जाणे, मुलीची शाळा मध्येच सुटणार.

मी म्हटलं, "घाबरू नकोस. सुपर प्रायॉरिटी भर. सोमवारी ठसे, मंगळवारी व्हिसा, बुधवारी विमानात."

त्याने बुधवारचं तिकीटही काढलं.

शुक्रवारी तो माझ्या टेबलाशी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला जुना कागद. "ताई, बाबांनी आमचं आडनाव बदललं होतं, मी तीन वर्षांचा असताना. त्याचं गॅझेट आहे. लावू का?"

कोणी विचारला नव्हता तो कागद. त्याचा पासपोर्ट, डिग्री, सगळं नव्या नावाचं. पण आपल्याकडे कुठल्याही खिडकीवर एक कागद कमी पडला म्हणून परत पाठवतात, जास्त झाला म्हणून कोणी पाठवत नाही. आम्ही दोघंही त्याच खिडक्यांवर वाढलेले. मी म्हटलं, "लाव. असू दे. जास्तीचा कागद कधी वाया जात नाही."

हे वाक्य माझं आहे. प्रशांतचं नाही.

*

मंगळवारी व्हिसा आला नाही, ईमेल आला. तुमचा अर्ज गुंतागुंतीचा आहे, ठरलेल्या वेळेत निर्णय देता येणार नाही.

गुंतागुंत काय, ते मला पाच मिनिटांत कळलं. अर्जात एक प्रश्न असतो, तुम्ही कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का? आधीच्या प्रत्येक अर्जात प्रशांतने 'नाही' लिहिलं होतं. तीन वर्षांच्या मुलाला कोण आडनावाने ओळखतं? यावेळीही 'नाही'च लिहिलं, आणि खाली माझ्या सांगण्यावरून 'होय' म्हणणारा कागद जोडला!

बुधवारचं विमान प्रशांतशिवाय गेलं. हीथ्रो इथून हाकेच्या अंतरावर. आमच्या कॅन्टीनच्या खिडकीतून विमानं चढताना दिसतात, शेपटीवरची चित्रंसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून केदार काही न बोलता त्या खिडकीचं ब्लाइंड खाली ओढायला लागला. सगळ्यांना शहाणपण शिकवणारा केदार!

प्रशांत रोज हेल्पलाइनला फोन करायचा. एकदा त्याने स्पीकरवर लावला. पलीकडच्या मुलीने सगळं नीट ऐकलं, सॉरी म्हणाली, आणि म्हणाली, "काळजी करू नका, तुमची केस अजून सुपर प्रायॉरिटीतच आहे. फक्त ती थांबलेली आहे."

अनघाला हसू आलं आणि लगेच रडू आलं. ती डबा तसाच ठेवून बाहेर गेली.

*

दुपारी आमचं जेवण, तेव्हा तिकडे संध्याकाळ. प्रशांत वडिलांना व्हिडिओ कॉल करायचा आणि फोन मिठाच्या डबीला टेकवून ठेवायचा. म्हणजे काका आमच्यातच जेवायला बसल्यासारखे. केदारच्या डब्यात डोकावून म्हणायचे, "पुन्हा बटाटाच का बाप्पा?"

तिसऱ्या आठवड्यात प्रशांत म्हणाला, "बाबा, मी अर्ज मागे घेतो. उद्या निघतो."

काकांचा आवाज तोवर खोल गेला होता. पण मास्तरचा तो मास्तरचाच. "निघशील तर दार लावून घेईन मी. पोरीची शाळा सोडवून मला पाहायला येशील, अन् मी कोणत्या तोंडानं पाहू तुझ्याकडे? येशील तर कागद घेऊन ये."

त्यानंतर मीठ घ्यायला त्या डबीकडे कोणी हात केला नाही.

माझं काय चाललं होतं ते सांगते. मी रोज खुलाशाची पत्रं पाठवत होते. कंपनीच्या वकिलाकडून एक, ग्रॅहमच्या सहीचं एक, डॉक्टरांच्या दाखल्यासकट एक. आणि प्रत्येक पत्र पाठवताना मनात यायचं, की बाई, हा पुन्हा जास्तीचा कागद तर होत नाही ना?

*

काका सोमवारी गेले.

मंगळवारी अंत्यसंस्कार झाले, प्रशांतने घरी बसून फोनवर पाहिले. त्रिशरण, पंचशील तो इकडून म्हणाला. त्याची मुलगी शेजारी हात जोडून बसली होती. बुधवारी तो ऑफिसला आला, घरात बसवत नाही म्हणाला.

त्याच बुधवारी, सकाळी सव्वाअकराला, व्हिसा आला. ईमेलच्या वर लिहिलं होतं, आमची सुपर प्रायॉरिटी सेवा वापरल्याबद्दल आभार.

प्रशांतने फोन माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर काही नाही. "ताई, बघा बरं. नाव बरोबर आहे का?"

बरोबर होतं. दोन्ही नावं होती, जुनंसुद्धा. वडिलांनी खोडलेलं ते आडनाव साहेबांनी काळजीपूर्वक नोंदवून ठेवलं होतं, की पुढे गोंधळ नको.

तो त्याच संध्याकाळी निघाला. पुण्यानुमोदनाच्या विधीला तेवढा पोचला.

*

एक किस्सा मी मायक्रोवेव्हसमोर कधी सांगितला नाही. तो काका जायच्या आठवडाभर आधीचा.

सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते आणि नागपूरच्या नंबरवरून फोन आला. "जय भीम, ताई. प्रशांतचा बाबा बोलतो. नंबर सूनबाईकडून घेतला. त्याले सांगू नका."

"जय भीम, काका. बोला ना."

ते बोलायच्या आधी मीच बोलून टाकलं. "काका, तो कागद लावायला मी सांगितलं होतं. प्रशांत नुसता विचारत होता. माझ्यामुळे झालं हे सगळं."

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं केलं, लावला ते. लपवायचा कागद नाही तो. तीन वर्षं खेटे घातले मी त्याच्यासाठी. बाबू म्हणे, मास्तर, थोडं वजन ठेवा, महिनाभरात होते. मी नाही ठेवलं. जन्मात कोणाले नाही दिले."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"तुमच्याकडे जास्तीचे घेतात, त्याची पावती देतात का?"

"देतात काका."

"मग ठीक आहे. मग ते खाणं नाही झालं." ते दम घ्यायला थांबले. "एक विचारायचं होतं, ताई. तुम्हाला या कामातलं कळते म्हणून. लवकर करायचे जास्त घेतात, तसे कुठं उशीर करायचेही घेतात का? इथं डॉक्टर म्हणते, आठ दिवस."

मी म्हटलं, "काका..."

"विचारून पाहा," ते म्हणाले. "त्याचे मी देईन. पावती नसली तरी देईन."