गावाचा बंद रकाना

हेमकांत स्वभावानेच कुलूपवाला. नंदुरबारच्या बाजारात भाजी आणायला निघाला तरी घराची कडी दोनदा ओढून बघणार. गरोदर बायांना दवाखान्यात नेणाऱ्या एका संस्थेची संगणकावरची सगळी व्यवस्था त्याने एकट्याने बांधली होती आणि तिच्यात दुसऱ्याने बोट घातलेलं त्याला खपत नसे.

बाईचा फोन आला की नोंदीतल्या गावाचा निरोप गाडीवाल्याला आपोआप जायचा. एकदा कुणीतरी फोन नंबर सुधारता सुधारता गावही बदलून टाकलं आणि गाडी भलतीकडेच गेली. बाई वाचली, पण हेमकांतचं डोकं फिरलं. त्याने ॲडमिनमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या मुळातच, नियम घालून टाकला. नवी नोंद करताना गावाचा रकाना उघडा. एकदा सेव्ह झाली की तो नुसता वाचण्यापुरता. बदलणार फक्त हेमकांत. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय.

नोंदी करणारी नूतन त्याला म्हणालीही होती, "भाऊ, नोंद सासरनी व्हस, नि पहिलं बाळंतपण माहेरले ऱ्हास. मंग गाव कसं बदलू?"

"मले फोन कर. मी बदली देसू."

दोन बहिणींची बाळंतपणं त्याच्याच घरात झालेली, तरी त्याच्या टाळक्यात काही शिरलं नाही.

पहिलटकरीण रिनाचं सासर विसरवाडीकडचं, नोंदही तिथलीच; माहेर खापरजवळ. ओटी भरून ती आईकडे आली आणि आठवणीने नूतनला कळवलं. नूतनने लगेच हेमकांतला फोन लावला. तो लग्नाच्या पंगतीत होता. "करी देस," म्हणाला आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. मग विसरला.

कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी विसरवाडीकडे धावली. चूक कळून दुसरी गाडी माहेरी पोचेस्तोवर बाळ गेलं होतं. संस्थेत सगळ्यांनी ड्रायव्हरला धारेवर धरलं. हेमकांत मूग गिळून बसला. त्याला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती. त्याने रकाना उघडा केला, पण रिनाला आता त्याचा काय उपयोग?

शेवटी राहवेना म्हणून तो तिच्या माहेरी गेला. रिनाची आई दगूबाई ओट्यावर बसली होती. त्याने आपण कोण ते सांगितलं.

"ड्रायव्हरनी चूक नही, आई. नोंदमधलं गाव मी बदलं नही."

"तुले कोनी सांगेल व्हतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. खरंखोटं करायला तिथे नूतन नव्हती.

"हा. सांगेल व्हतं."

दगूबाईने शिवी दिली नाही, ती रडलीही नाही. "मंग आत जाय आनि तिले सांग," ती म्हणाली. "मी माहेरले उनू म्हनीसन मन्हं लेकरू गयं, असं म्हनी सोताले दोष देई ऱ्हायनी ती."