आम्हाला नव्याच खुर्च्या हव्यात

तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही, हा तुमचा शुद्ध भित्रेपणा आहे. आणि त्याला तुम्ही सभ्यता म्हणता! कॉफी पाजता, ‘लव्हली कन्सेप्ट’ म्हणता, लिफ्टपर्यंत सोडायला येता आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही.

तुम्ही म्हणजे कोण, ते सांगत नाही. ज्याला झोंबायचं त्याला झोंबेल. पण तुमचे किस्से आमच्याकडे फोमच्या तुकड्यांसारखे साठलेत. संध्याकाळी शेड झाडून काढावी, तर सकाळी कोपऱ्यात परत तेवढेच!

आमचा धंदा ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करण्याचा. ह्या बंगळूरमध्ये रोज टेम्पो भरभरून खुर्च्या भंगारात जातात. कुणाचं एक चाक गेलेलं असतं, कुणाचं नुसतं कापड फाटलेलं. मला हे बघवत नाही. मेकॅनिकलची डिग्री घेतली ती काय नुसती भिंतीवर लावायला? म्हणून राजाजीनगरात एक शेड भाड्यानं घेतली. आम्ही तिघं आहोत. मी, नागपूरचा माझा कॉलेजमित्र नीरज आणि माझे बाळूकाका. काका सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले, जन्म इथलाच. त्यामुळे त्यांच्या मराठीत ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ असे कानडी शब्द मिठासारखे असतात, आणि मी त्यांची ‘पुट्टी’, म्हणजे छोटी.

शेडचा करार दिवाळीला संपतोय. तोवर एखाद्या कंपनीचं कायमचं काम मिळालं, तर शेड राहील. नाही तर किल्ली परत.

सुरुवात कोरमंगलाच्या एका स्टार्टअपपासून केली. त्यांच्या एचआरच्या बाईंनी आमचं तोंडभर कौतुक केलं आणि ‘सँपल’ म्हणून एक मोडकी खुर्ची फुकट दुरुस्त करून घेतली. मग शांतता. शेवटी मीच जाऊन थडकले. बाई त्याच खुर्चीत बसल्या होत्या. बसल्या कसल्या, गोल फिरत होत्या!

“कशी आहे?” मी विचारलं.

“अगं, एकदम कम्फर्टेबल! मी हल्ली दुसऱ्या खुर्चीवर बसतच नाही.”

“मग ऑर्डर?”

“नाही, म्हणजे, आम्ही अजून इव्हॅल्युएट करतोय.”

आणि परत एक गिरकी!

परके लोक असे, म्हणून आपल्या माणसांकडे गेलो. एका मराठी मंडळाच्या हॉलमधल्या खुर्च्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या. तिथले अध्यक्ष बाळूकाकांचे मित्र.

“तुमच्याकडे नाही देता येणार गं,” ते म्हणाले. “आपल्या माणसाला काम दिलं की पंचाईत होते. वाईट झालं तर ओरडता येत नाही.”

“पण वाईट होणारच नाही!”

“तेच तर! मग बाकीचे म्हणणार, ओळखीतल्यांना दिलं.”

काम गेलं भलत्याच कुणाकडे. वर अध्यक्ष म्हणतात, “गणपतीत तुझं भाषण ठेवू या. विषय, तरुण मराठी उद्योजक!”

“बसायला खुर्ची असेल ना?” मी चिडून विचारलं.

“भाषण उभं राहूनच करतात की!”

मग नीरजनं ठरवलं की आपण जुनाट वाटतो, काळाबरोबर राहायला हवं. रील्स करायच्या. त्यानं काकांची एक रील टाकली. काका एका जुन्या सीटचं कापड उसवतायत, बस्स. ती इतकी चालली की नीरज दिवसभर फोन हातातून सोडेना. कमेंट्सचा पाऊस! मी हावरटासारखी एकेक वाचत गेले. ‘सो सॅटिस्फाइंग.’ ‘हे बघून मला झोप लागते.’ ‘अंकलचा शर्ट कुठून घेतला?’ खुर्ची दुरुस्त करायची आहे, असं एकानंही लिहिलं नव्हतं.

काकांनी शांतपणे विचारलं, “पुट्टी, शर्टाचं दुकान काढू या का?”

नीरज हरला नाही. त्यानं वेबसाइटवर एआयचा चॅटबॉट बसवला. गिऱ्हाइकानं विचारायचं, यंत्रानं उत्तर द्यायचं. पहिलाच प्रश्न येलहंकाहून एका बाईंचा आला, ‘माझी खुर्ची खूप जुनी आहे, दुरुस्त होईल का?’

आमच्या बॉटनं अतिशय अदबीनं उत्तर दिलं, ‘जुन्या खुर्चीमुळे पाठीला त्रास होऊ शकतो. नवीन खुर्ची घेण्याचा विचार करावा.’ खाली नव्या खुर्च्यांच्या दुकानांची यादी!

जगानं नाकारलं ते ठीक, पण स्वतःच्या वेबसाइटनं? मी नीरजवर एवढी ओरडले की शेजारचा वेल्डर मशीन बंद करून बघायला आला. काका म्हणाले, “स्वल्प थांब गं. बाकीचे गोल गोल बोलतात. ह्यानं निदान सरळ सांगितलं.”

आणि आता परवाचं. पर्यावरणासाठी सॉफ्टवेअर करणारी एक मोठी कंपनी. भिंतीवर झाडं, दारात ‘पृथ्वी एकच आहे’ अशी पाटी. इथे नाही तर कुठे! शिवाय दिवाळी तोंडावर आलेली. मी आणि काका नटूनथटून गेलो. समोर ऑफिसचे प्रमुख, मराठीच, पुण्याचे.

“तुमचं काम ग्रेट आहे,” ते म्हणाले. “पण रिपेअर केलेली खुर्ची दिली की एम्प्लॉईला वाटतं, कंपनीला आपली किंमत नाही. नवी खुर्ची म्हणजे रिस्पेक्ट, यू नो.”

फुस्स, असा बारीक आवाज झाला आणि साहेब चार बोटं खाली गेले. त्यांनी बोलता बोलता खुर्चीचा दांडा ओढला, वर आले.

“आणि क्वालिटी. नव्याला गॅरंटी असते.”

फुस्स.

सीट उचलून धरणारा गॅसचा सिलिंडर गेला होता. तसलाच एक माझ्या पिशवीत होता. माझा हात पिशवीकडे गेला, तसं काकांनी टेबलाखालून माझं मनगट धरलं.

“स्पष्टच सांगते सर,” मी म्हणाले, “तुमच्या बेसमेंटमध्ये टाकलेल्या सगळ्या खुर्च्या मी बघून आले. एकही मेलेली नाही.”

“सॉरी. आमचा निर्णय झालाय. नव्याच घेणार.” एव्हाना टेबलाच्या कडेवर त्यांची हनुवटी तेवढी दिसत होती. “ऑल द बेस्ट हं.”

म्हणजे शेड गेली. मी उठले. तेवढ्यात पँट्रीतल्या अक्का कॉफीचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी कप ठेवले, साहेबांकडे एकदा नीट पाहिलं आणि कन्नडमध्ये, अगदी काळजीनं विचारलं, “सर, कालच्यासारख्या दोन उशा आणू, की आज तीन लागतील?”