किडामास्तर

"हात दाखवा जी," असं म्हटल्यावर नवा माणूस तळहात पुढे करायचा आणि लग्नाचं, नोकरीचं काही कानावर पडेल म्हणून थांबायचा. "तसा नाई, पालथा," मास्तर म्हणायचे. मग हाताच्या पाठीवर अंगठा फिरवून कातडी किती फुटली आहे ते पाहायचे आणि विचारायचे, "घरी तेल कोणतं खाता?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला एकाच गोष्टीनं पछाडलेलं असतं. आमच्या मास्तरांना शरीरातल्या एका चरबीनं पछाडलं होतं.

वऱ्हाड मध्य प्रांतात होता तेव्हाची ही हकीकत. अकोल्याच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो, ते शास्त्र. आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते अंजनगाव सुर्जीकडच्या पानमळेवाल्यांचे, घराण्यातले पहिले शिकलेले. अमरावतीला एका कॉलेजात विलायती मासिकं चाळायला मिळत, म्हणून महिन्यातून एकदा तिकडे जायचे. एकदा परतले ते सरळ वर्गात शिरले आणि फळ्यावर लिहिलं, 'अरॅकिडॉनिक आम्ल'. बहुतेक चरबी शरीर स्वतः बनवतं, पण हिचं मूळ तेलातून पोटात जावं लागतं. ते गेलं नाही तर कातडी फुटते, वाढ खुंटते, असं त्यांनी तासभर सांगितलं. मुलांनी त्या लांबलचक नावातला झेपेल तेवढा भाग उचलला. दुसऱ्या दिवसापासून ते किडामास्तर झाले.

त्या आम्लाचं नाव भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून पडलेलं. तेवढ्यावर मास्तरांनी दोन महिने खिशात शेंगा बाळगल्या आणि आम्हा सगळ्या शिक्षकांना चारल्या. पुढे एका अंकात वाचलं की भुईमुगात ते नसतंच, कलेजीत आणि अंड्याच्या बलकात असतं. मास्तरांच्या गळ्यात तुळशीची माळ. दोन दिवस त्यांचं जेवणावरून मन उडालं. शेवटी मास्तरांच्या बायको, आमच्या वहिनी, भाकर थापता थापता म्हणाल्या, "कोंबडी कोठी अंडे खाते? ते तं दाणे टिपते. तिच्या पोटात बनते, तं तुमच्या पोटात काहून नाई बनन?"

मास्तर हातातल्या घासासकट शेजारी जेवायला बसलेल्या माझ्याकडे वळले. "हेच त्या मासिकात तीन पानं लिवलं हाय," ते हळूच मला म्हणाले.

मग तेलाचं म्हणणं स्वतः पडताळून पाहायला त्यांनी नागपूरहून सहा पांढरे उंदीर आणले. तिघांना एका पिंजऱ्यात करडीच्या तेलाचे थेंब घालून खाणं. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या तिघांना साखर, लोणी काढलेल्या दुधाचा धुतलेला चोथा आणि पुस्तकात सांगितलेली चिमूटभर औषधं, पण तेलाचा थेंब नाही. चार महिन्यांत त्या तिघांच्या शेपट्यांवर खवले आले. मास्तर आनंदानं येईल त्याला शेपट्या दाखवू लागले.

गल्ली मात्र घाबरली. प्लेगची आठवण अजून गेली नव्हती. "लोक उंदीर मारून राहिले, आन हे पाळून राहिले," म्हणत चार जण हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टरसाहेब येताहेत. त्यांना प्रयोग दाखवा. त्यांना पटला तर ठीक. नाही तर उंदीर जातील, आणि तुम्हालाही दुसरी शाळा बघावी लागेल."

त्यातच वडील आजारी पडले म्हणून मास्तर तीन आठवडे अंजनगावला गेले. उंदीर वहिनींवर सोपवले. परतले ते नेमके इन्स्पेक्शनच्या सकाळी, आणि स्टेशनवरून थेट शाळेत आले. पिंजरे मी आणि वहिनींनीच फडक्याखाली झाकून आणून ठेवले होते.

मास्तरांनी पहिलं फडकं काढलं. तीन गुबगुबीत उंदीर. दुसरं काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिघांपैकी दोघांच्या शेपट्या लख्ख होत्या.

"हे तर बरे दिसतात," साहेब म्हणाले.

मास्तरांना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. ते म्हणाले, "साहेब, माझा प्रयोग फसला."

दाराशी उभ्या वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "मीच देल्लं. करडीच्या तेलात भाकर कुस्करून. शेपट्या पाहवत नव्हत्या."

"तिघांनाही?" साहेबांनी विचारलं.

"दोघायले. तिसरा चावते. त्याले कोण देईन?"

मास्तर आधी लालबुंद झाले. मग पिंजऱ्याशी खाली बसून त्या चावऱ्याची खवल्याखवल्याची शेपटी न्याहाळत विचारू लागले, "किती दिवस देल्लं? किती तेल?"

"अठरा दिवस. रोज एक बोट."

त्यांनी लिहून घेतलं. साहेब हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "मग प्रयोग तर झाला की." मास्तर म्हणाले, "नाही साहेब. भाकरीनं बरे झाले की तेलानं, हे कळत नाही. मला एक महिना द्या." साहेबांनी दिला. त्या महिन्यात मास्तर लांब दांड्याच्या चमच्यानं चावऱ्याला नुसतं तेल पाजत होते. दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या, पण त्याचीही शेपटी निवळली. उंदीर राहिले, मास्तरही राहिले.

उतारवयात त्यांचे गुडघे सुजले. डॉक्टर ॲस्पिरिन देत. मास्तर गोळी हातावर घेऊन विचारत, "हे पोटात जाते, मंग गुडघ्याचा पत्ता हिले कोण सांगते?" डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं. उत्तर न मिळताच मास्तर गेले.

बऱ्याच वर्षांनी मी एका लेखात वाचलं की इजा झाली की शरीर त्याच अरॅकिडॉनिक आम्लातून सूज आणि वेदना आणणारी द्रव्यं तयार करतं, आणि ॲस्पिरिन ते काम बंद पाडतं. म्हणजे गोळीला पत्ता लागतच नाही. ती सगळीकडे जाते आणि जिथे ते काम चाललेलं असतं तिथे गुण देते. मास्तर गेल्यावर वहिनी अंजनगावला राहायला गेल्या होत्या; मी एस.टी.नं तिथे गेलो. वहिनी थकल्या होत्या, ओट्यावर बसून पानं पुसत होत्या. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे ज्याचे गुण गात होते, त्यानंच गुडघे सुजवले," त्या म्हणाल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "पुन्हा सांगा जी. हळू सांगा, मले पाठ करू द्या."

"कशाला, वहिनी?"

"आता माझे किती दिवस राह्यले? तिकडं गेल्यावर पयले हेच इचारतीन. सांगा लागीन."