आजीच्या अंगठीची पारख

आजी गेली त्या वर्षी पाऊस नव्हता आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. वडील नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून बदलून आले होते. कचेरी भाड्याच्या इमारतींत विखुरलेली होती, पाट्या कालपरवा रंगवलेल्या. आम्ही गल्लीत टँकरची वाट पाहायचो. मी तेव्हा अकरावीत होते.

आजी भोकरजवळच्या खेड्यात सुईण होती. तिच्या मागं दोनच वस्तू राहिल्या. एक सोन्याची पाटली. जोडीतली दुसरी मावशीच्या शिक्षणासाठी मोडली होती. आणि एक लाल खड्याची अंगठी. एका मोठ्या घरात अडलेलं बाळंतपण आजीनं सोडवलं, तेव्हा त्या घरच्या मालकिणीनं ती आपल्या बोटातून काढून हिच्या हातात घातली होती. “माणिक हाय, जपून ठेव,” एवढंच म्हणाली होती म्हणे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि आई-मावशीत वाद सुरू झाला. पण वाद उलटाच होता.

“अक्का, अंगठी तू घे,” मावशी म्हणाली. “शेवटच्या दुखण्यात आईचं समदं तूच केलंस.”

“मला काय कमी हाय? घरात सरकारी पगार येतो. तुझ्या मालकाची जिनिंग बंद पडून राहिली. माणिक तू ने.”

कापूसच आला नव्हता, त्यामुळे काकांचं काम सुटलं होतं. तरी मावशी ऐकेना. जास्त किमतीची वस्तू दुसरीला जावी म्हणून दोघी हट्टाला पेटल्या होत्या, आणि जास्त किमतीचं नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईनं लातुरातल्या एका सोनाराला अंगठी दाखवली. त्यानं फुकट पाहिली, उलटसुलट केली आणि म्हणाला, “काच आहे. मोडीत द्या, मीच घेतो.” घरी आल्यावर वडील म्हणाले, “जो विकत घेणार, त्यालाच किंमत विचारायची? फी देऊन तपासून घ्या.” नांदेडच्या सराफ्यात खडे पारखणारे एक चाचा आहेत, असं त्यांना कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं होतं.

मी आणि आई सकाळच्या एसटीनं निघालो. रस्त्यात दोन्ही बाजूंनी उघडी रानं आणि छावणीकडं चाललेली जनावरं. नांदेडच्या स्टँडवर भोकरकडून आलेली मावशी पाण्याचा डबा घेऊन उभी होती.

चाचांची खोली माडीवर होती, उत्तरेकडं मोठी खिडकी. पांढरी दाढी, स्वच्छ सदरा. अंगठीला हात लावण्याआधीच त्यांनी फी सांगितली. आई दचकली.

“खडा खरा निघाला तर आणखी द्यावे लागतील का?” मी विचारलं.

“न्हाई बेटा. माणिक निघो, काच निघो, फी तीच. किमतीवर फी घेतली, तर मला किंमत वाढवायची हाव सुटेल ना?” मग आईकडं वळून म्हणाले, “आपा, तपासायचं कशासाठी? विकायला, गहाण टाकायला, का वाटणीला?”

“वाटणीला,” दोघी एकदमच म्हणाल्या.

“मग पाटली पण द्या. दोन्हीला एकच माप लावू. आज बाजारात विकली तर काय येईल, ते. दुकानात नवी घेताना पडणारी किंमत वेगळी असते. एकीला ही लावली, दुसरीला ती, तर एक बहीण फसते.”

त्यांनी अंगठी खिडकीशी नेऊन भिंगातून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “खडा मागून बंद हाय. खाली काय लपलंय ते दिसत न्हाई. खड्याचं घर, म्हंजे हे कोंदण, उघडावं लागेल. जुनं सोनं हाय, कडेला थोडं वाकेल. तुमची मर्जी असेल तरच. न उघडता पण सांगतो, पण मग माझ्या कागदावर ‘अंदाज’ असं लिहीन.”

मावशीचा चेहरा उतरला. “आईनं ही कधी बोटातून काढली न्हाई. मरताना बी होती.”

आईनं मावशीच्या पाठीवर हात ठेवला. मावशीनंच डोळे पुसले आणि म्हणाली, “उघडा. एवढं लांब आलोत ते अंदाज घ्यायला न्हाई.”

चाचांनी बारीक हत्यारानं सोन्याची कड सैल केली. खडा सुटून मखमलीवर पडला, आणि त्याच्यामागून लाखेला चिकटलेला लाल वर्खाचा तुकडा निघाला. वर्खाशिवाय खडा फिकट गुलाबी दिसत होता. सोनार खरंच बोलला होता तर!

“घाबरू नका,” चाचा म्हणाले. “जुन्या काळी खऱ्या खड्याला पण मागं वर्ख लावायचे, रंग खुलायला.” त्यांनी खडा काचेच्या पेटीतल्या तराजूत तोलला, कसल्याशा पाण्यात बुडवला, मग एका आखूड नळीतून पाहिला. ती नळी त्यांनी मावशीच्या हातात दिली.

“आधी हे माझं माणिक बघा. किती रंग दिसतात?”

“दोन. एक लाल, एक जरा केशरी.”

“आता तुमचा खडा.”

“एकच हाय,” मावशी हळूच म्हणाली.

“म्हणून हे माणिक न्हाई. पण काच बी न्हाई. काचेत बुडबुडे दिसले असते. ही लालडी हाय, माणकासारखाच दिसणारा दुसरा खडा. जमिनीतून निघालेली, अस्सल. ज्या बाईनं दिली तिला पण माणिकच वाटलं असेल. लई लोकांना वाटतं.”

आईनं सुटकेचा श्वास टाकला. देणारीनं आजीला फसवलं नव्हतं, हे तिला किमतीपेक्षा मोठं वाटलं असावं.

कागद दुपारी मिळणार होता. खालच्या दुकानाच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली. परत वर गेलो तेव्हा चाचांनी सगळं वाचून दाखवलं: वजन, रंग, आतली एक बारीक चीर, आणि शेवटी दोन्ही वस्तूंची किंमत. पाटली अंगठीच्या कितीतरी पुढं होती.

“तुम्हीच घेता का अंगठी?” मावशीनं विचारलं.

“मी तपासतो. घेत न्हाई,” ते हसून म्हणाले.

जिन्यावरच आईनं मावशीचा हात धरून पाटली तिच्या मनगटात चढवली. “अंगठी तू घे म्हणत होतीस ना? घेतली. आता तोंड उघडायचं न्हाई.”

मावशी रडली, हसली, मग पुन्हा रडली. स्टँडवर बस लागेपर्यंत तिनं आम्हाला मनातली गोष्ट सांगितली. तिच्या वस्तीतल्या बायका रेशनचं धान्य डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला दळायला जात होत्या. पाटली मोडून तिला पिठाची गिरणी टाकायची होती. काकांना जिनिंगमुळं यंत्रांची सवय होतीच.

आईनं अंगठी आमच्या ओळखीच्या कारागिराकडून मागं उघडी ठेवून बसवून घेतली. भांडी घासतानाही ती काढायची नाही.

पुढल्या उन्हाळ्यात मी भोकरजवळ मावशीच्या वस्तीवर गेले. पत्र्याच्या खोलीत पट्टा फिरत होता, दारात डब्यांची रांग होती आणि पिठानं भुवयांपर्यंत पांढरी झालेली मावशी त्या आवाजात ओरडून एका म्हातारीला विचारत होती, “मावशे, बारीक पायजे का जाडं?”