टार्निटच्या क्रीकवरचं मराठी भूत

झाडूचा मार मला आयुष्यात पहिल्यांदा बसला तो बेचाळिसाव्या वर्षी. टार्निटमध्ये. लख्ख उजेडात. हसताय काय, आधी ऐका तरी! आणि चहा ओता, ही गोष्ट कोरड्या घशाने सांगण्यासारखी नाही.

झालं काय, गेल्या वर्षी आम्ही पॉइंट कुकचं भाड्याचं घर सोडून टार्निटला स्वतःच्या घरात आलो. घर नवं, रस्ता नवा आणि आमच्या इराची शाळाही नवी. इरा तिसरीत. जुन्या शाळेत तिच्या तोंडाला खीळ नसायची. इथे टर्म संपत आली तरी डबा एकटीच खात होती. मी रोज विचारायचो, "आज कोणाशी खेळलीस गं?" ती म्हणायची, "नोबडी. इट्स फाइन, बाबा."



आणि मग ऑक्टोबरात एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. वर्गातल्या क्लोई नावाच्या मुलीने तिला विचारलं होतं, हॅलोविनला तू काय करणार? तर आमच्या कन्येने ठोकून दिलं होतं, "माय डॅड इज मेकिंग अ स्पूकी ट्रेल. इन द वुड्स!" जंगलातली भुताची वाट! क्लोई आणखी दोघींना घेऊन येणार होती.

"बाबा, कॅन यू?"

आता मला सांगा, बापाने काय म्हणायचं? "नो वरीज!" म्हणालो.

पहिली अडचण जंगलाची. टार्निट पाहिलंय ना तुम्ही? इथे झाड म्हणजे काय, तर कौन्सिलने रोवलेली काडी. झाडापेक्षा त्याला आधाराला लावलेली काठी जाड! भूत बिचारं लपणार कुठे? शेवटी आमच्या हाउसिंग इस्टेटच्या मागे, क्रीकच्या म्हणजे ओढ्याच्या कडेने गमची, आपल्या निलगिरीची, जुनी झाडं सापडली. वाकडे बुंधे, सालीच्या लोंबणाऱ्या चिंध्या. म्हटलं, अर्धं काम झाडांनीच केलंय.

दुसरी अडचण अंधाराची. तिकडे अमेरिकेत हॅलोविनला म्हणे लवकर अंधारून येतं. इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत, घड्याळं पुढे सरकवलेली, जेवणं झाली तरी ऊन हटत नाही. मुली येणार सहाच्या सुमारास. म्हणजे टोपी घालून, सनस्क्रीन चोपडून भूत बघायला या, अशातला प्रकार.

आणि तिसरी अडचण म्हणजे मी. सामान आणायला गेलो ते अगदी आदल्या दिवशी. दुकानात उरले होते फक्त प्लॅस्टिकचे सुळे.

"प्रसाद, तुला कधीपासून सांगतेय!" मृणाल म्हणाली. मृणाल म्हणजे माझी बायको. हे वाक्य ती माझ्याशी इतक्या वेळा बोलते की मला ते पार्श्वसंगीतासारखं वाटतं.

पण तेवढ्यात माझ्या डोक्यात एक कल्पना आली. म्हटलं, आपल्याकडे भुताखेताचं सामान काय कमी आहे? ह्यांची भुतं म्हणजे कोरलेला भोपळा. भोपळ्याला कोण घाबरतं हो? आपण त्याची भाजी करतो!

तडक शेजारच्या ट्रुगानिनाच्या इंडियन दुकानात गेलो. लिंबं, मिरच्या, नारळ, काळा दोरा आणि कुंकवाची पाकिटं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "भैया, गृहप्रवेश है क्या?"

"हाँ, वैसा ही कुछ."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली आणि दुपारभर क्रीकवर खपलो. माझ्या जुन्या काळ्या मोज्यांमध्ये कापूस भरून बाहुल्या केल्या आणि फांद्यांना टांगल्या. लिंबं कापून त्यांना कुंकू फासलं, टाचण्या टोचल्या. नारळाला डोळे काढून वाटेच्या मधोमध ठेवला, भोवती मिरच्यांचं रिंगण. मागे सरून पाहिलं तर माझ्याच अंगावर काटा आला. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, की बाबा रे, ह्याला हॅलोविन म्हणत नाहीत. ह्याला आपल्याकडे करणी म्हणतात!

आता आईबद्दल सांगायला हवं. आई तेव्हा चिंचवडहून आमच्याकडे राहायला आलेली. ट्रेलवर काय काय असणार याचा इराला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून मी आईलाही काही बोललो नव्हतो. आईने इथे येऊन काय केलं असेल, तर आठवड्याभरात आजीलोकांचा एक ग्रुप जमवला. साडी, पायात स्नीकर, वर पफर जॅकेट, आणि रोज संध्याकाळी फेरी. त्यात मागच्या गल्लीतल्या शिंदे काकू, शेजारच्या गुरप्रीतची आई, तिला सगळे बीजी म्हणतात, आणि आणखी दोघीतिघी. ही फेरी कुठून जाते, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिथेच चुकलं.

सामान मांडून मी घरी आलो आणि गराजमध्ये भूत व्हायला बसलो. तोंडाला तांदळाचं पीठ, हनुवटीवर कुंकवाचे ओघळ, अंगावर पांढरी चादर. एवढ्यात आई फेरीवरून परत आल्याचा आवाज आला. आल्या आल्या स्वयंपाकघरात खडखडाट सुरू.

"मोहरी कुठे ठेवलीय हिने? आणि मीठ? खडेमीठ नाहीये का घरात?"

मला वाटलं, वा, आज काहीतरी फोडणीचं झणझणीत दिसतंय! खुशीत सुळे खिशात टाकले, फोन चार्जिंगलाच राहू दिला आणि मागच्या दाराने पसार झालो.

क्रीकवर आलो तर एक बाहुली खाली पडलेली आणि नारळाशेजारी कोणीतरी थुंकलेलं. बाहुली मॅगपाय पक्ष्याने पाडली असेल, म्हणून पुन्हा टांगली. थुंकीचा विचारच केला नाही. मॅगपाय थुंकत नाही, एवढंसुद्धा सुचू नये माणसाला?

सगळ्यात जाड झाडामागे जाऊन उभा राहिलो. चादरीत घामाने निथळतोय, माश्या पिठावर बसतायत. एक बाई कुत्रा घेऊन गेली. कुत्रा भुंकला नाही. नुसता माझ्याकडे बघून गेला. ते जास्त लागलं.

आणि मग सुक्या पानांवर पावलं वाजली. कुजबुज ऐकू आली. मुली आल्या! सुळे बसवले, दोन्ही हात वर केले आणि वाटेवर उडी टाकली.

"हूऽऽऽआऽऽ!"

समोर माझी आई. हातात झाडू. तिच्या मागे शिंदे काकू, त्यांच्या हातात स्टीलची वाटी, मीठमोहरीची. बाजूला बीजी, मूठ घट्ट आवळलेली. बाकीच्या त्यांच्या मागे.

काय झालं होतं कळलं ना? फेरीला आलेल्या असताना त्यांना ती लिंबं दिसली होती. पोराबाळांच्या वाटेवर कोणीतरी करणी केलीय, अंधार पडायच्या आत उतरवून टाकू, असं ठरवून सगळ्या घरोघरी जाऊन शस्त्रं घेऊन आल्या होत्या.

मला वाटलं, आता एकदोघी तरी चक्कर येऊन पडणार. कसलं काय! बीजी फक्त "ओए!" म्हणाल्या आणि मूठ माझ्या तोंडावर उघडली.

मुठीत लाल तिखट होतं.

"आई गंऽऽऽऽ!"

"अगं बाई!" शिंदे काकू किंचाळल्या. "मराठी आहे!"

पाठोपाठ झाडू बसला. सटाक! मी वळलो तर पाठीवर, वाकलो तर आणखी खाली.

"पण इथवर आलं कसं मेलं?" काकूंचं चालूच. "आमच्या ह्यांच्या व्हिसाला इतके महिने लावले, आणि ह्याला कसा मिळाला?"

चादर पायात अडकलेली, डोळे उघडत नाहीत, तोंडात सुळे तिरके झालेले. ओळख पटवायची म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो, "मी प्रसाद! अगं, मी प्रसाद!" पण त्या सुळ्यांतून 'मी' बाहेरच पडेना. नुसतंच, "प्लसाद! प्लसाद!"

झाडू थांबला.

"प्रसाद मागतंय," शिंदे काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "भुकेलं दिसतंय हो."

"की कहंदा?" बीजींनी विचारलं.

"प्रशाद माँग रहा है," काकूंनी सांगितलं.

"तो दे दो ना, होर की!"

आणि माझी आई, माझी जन्मदाती आई, अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "द्या त्याला काहीतरी. उपाशी नको जायला."

काकूंची शुगर मध्येच एकदम उतरते, म्हणून त्यांच्या पर्समध्ये कायम राजगिऱ्याचा लाडू असतो. तो त्यांनी एका पानावर ठेवला आणि काठीने माझ्यापुढे सरकवला.

तुम्ही विचाराल, मग तू काय केलंस? खाल्ला! काय करणार? ओठांची आग होत होती आणि लाडू गोड होता. सुळे काढून फेकले आणि बसल्या जागी लाडू खाल्ला.

तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या.

मृणाल मुलींना घेऊन आली होती. चेटकिणी, सांगाडा आणि काळ्या झग्यातली आमची इरा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, चौघींचे डोळे बशीएवढे.

"दॅट वॉज सो रिअल!" क्लोई म्हणाली. "इरा, इज युअर ग्रॅनी अ घोस्ट हंटर?"

इराने एकदा आजीकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं आणि मान ताठ केली. "येस. शी केम ऑल द वे फ्रॉम इंडिया."

"अँड हूज दॅट? युअर डॅड?"

इराने माझ्याकडे पाहिलं. पिठाचा चिखल झालेला, कुंकू कानापर्यंत पसरलेलं, मिशीत राजगिरा. तिने क्षणभर विचार केला.

"नो. माय डॅड्स ॲट वर्क."

मृणालने सगळ्यांना खेळ समजावून सांगितला. शिंदे काकूंचा विश्वास बसेना. "खेळ? मग हा कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"असेल कोणी रोजावर आणलेला," आई म्हणाली.

त्यापुढची ट्रेल मी बसूनच ऐकली. आई पुढे, मुली मागे. आई एकेका लिंबाची गोष्ट मराठीत सांगतेय, इरा इंग्लिशमध्ये करतेय, आणि इतकी बोलतेय, इतकी बोलतेय की काय सांगू! शेवटी आईने चौघींना ओळीत उभं करून त्यांची दृष्ट काढली. क्लोईने म्हणे ती दोनदा काढून घेतली.

मला गाडीत घेतलं नाही. सीटला कुंकू लागेल, असं मृणाल म्हणाली. चालत आलो, गराजमधून आत शिरलो, अंघोळ केली. मुली आमच्याकडेच जेवायला थांबल्या होत्या. आता 'डॅड ॲट वर्क' ना? मग ऑफिसचा शर्ट घातला, लॅपटॉपची बॅग घेतली, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आलो.

"हाय गर्ल्स! हाऊ वॉज द ट्रेल?"

"यू मिस्ड इट!" क्लोईला माझी खरंच दया आली. "द घोस्ट वॉज अ बिट लेम. बट द ग्रॅनी वॉज ऑसम!" मग तिने माझे लाल डोळे पाहिले. "आर यू ओके?"

"हे-फीवर," म्हणालो, म्हणजे परागांची ॲलर्जी.

मुली परत हसायला, खिदळायला लागल्या. इरा मधोमध बसली होती. मी स्वयंपाकघरात गेलो. आईने खुर्ची पुढे केली आणि थंड दुधात भिजवलेले कापसाचे बोळे माझ्या डोळ्यांवर ठेवले.

"आई," मी म्हणालो, "खरं सांग. मला अजिबात ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की. पहिल्याच 'आई गं'ला ओळखलं."

मी उडालोच. "मग नंतरचे फटके?"

आईने एक बोळा उचलला, पिळला, पुन्हा नीट ठेवला.

"अरे, सगळ्याजणी एवढ्या लांबून तयारीनिशी आल्या होत्या," ती म्हणाली. "भूत आपल्याच घरचं निघालं, म्हणून काय त्यांना तसंच परत पाठवायचं?"