तोंड धुतल्याशिवाय

आमच्या नंदाखाल गावच्या नाटकांत सलग बावीस वर्षं मेलेला माणूस एकच होता, प्लासिड. बाकी सगळी कामं बदलत राहिली, पण भूत, आत्मा, नाहीतर खून झालेला जमीनदार म्हटलं की प्लासिडच. उंची ताडाची आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. एरवी केळी आणि सोनचाफ्याची वाडी करणारा गरीब माणूस. कुणाशी भांडण नाही आणि कौतुक केलं तर लाजून पळणारा.

आमच्याकडे एक रीत आहे. मेलेल्याचं काम करणाऱ्याने नाटक संपलं की बावखलात तोंड धुवायचं आणि मगच घरात पाऊल टाकायचं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, झाडांना पाणी तिथलंच. तोंड न धुता घरी गेलं तर सोंग अंगाला चिकटतं, असं जुनी माणसं सांगत. मी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे या गोष्टीला हसायची. प्लासिड मात्र दर वर्षी तोंडाला फासलेला पांढरा सफेदा तसाच ठेवून आपल्या वाडीत जायचा, स्वतःच्या बावखलात तोंड धुवायचा आणि मग जेवायला बसायचा.

त्याच बावखलावरून त्याचं आणि लेस्टरचं फाटलं. लेस्टर त्याचा एकुलता एक मुलगा, माणिकपूरला एका ऑफिसात नोकरीला. वाडीची जागा प्लासिड आणि त्याचा धाकटा भाऊ सॅन्टन यांच्या नावावर. बावखल बुजवून तिथे इमारत उभी करावी असं सॅन्टनने काढलं आणि लेस्टर काकाच्या बाजूने बोलला. प्लासिड नाही म्हणाला. त्यानंतर तीन वर्षं बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. "त्याला सांग, जेवण वाढलंय," असं प्लासिड बायकोला, रेजिनाला सांगायचा. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली की आमच्याकडे मुलं हात जोडून आईबापांचा आशीर्वाद घेतात, वयाने कितीही मोठी झाली तरी. लेस्टरने तेही सोडलं. रोझरी संपली की तो उठून बाहेर जायचा आणि प्लासिडचा अर्धा उचललेला हात तसाच खाली यायचा. हे मला रेजिनाने रडत सांगितलं होतं.

म्हणून मी शहाणपणा केला. गेल्या वर्षी एक जुनी विलायती शोकांतिका बसवायला घेतली. त्यात मेलेला राजा मुलासमोर येतो, सख्ख्या भावानेच आपल्याला मारलं असं सांगतो आणि सूड घ्यायची शपथ घालतो. राजा प्लासिड, राजपुत्र लेस्टर. रंगमंचावर तरी एकमेकांशी बोलतील, असा माझा हिशोब. स्वतःला फार हुशार समजत होते मी.

तालमीला दोघे वेळेवर यायचे. प्लासिड लेस्टरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत संवाद म्हणायचा. एकदा तालीम संपल्यावर तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "टीचर, हा राजा मेला तो मेला, वर पोराच्या गळ्यात मारामारी अडकवून जातो. हा कसला बाप?"

मी म्हटलं, नाटकात तसंच लिहिलंय.

"लिहिणाऱ्याला पोर नसेल," तो म्हणाला आणि सायकल काढून गेला.

प्रयोगाच्या दिवशी प्लासिड दुपारीच चर्चच्या पटांगणात आला. चारच्या सुमारास स्टेजसाठी चाफ्याची फुलं आणायला वाडीत गेला आणि तासाभराने रिकाम्या हाताने परतला. पायांवर गुडघ्यापर्यंत विटांची लाल धूळ होती. फुलं कुठे, मी विचारलं. आज नाही मिळाली, तो म्हणाला. चाफ्याचं झाड आणि फुलं नाहीत? मला खटकलं, पण पडदा लागायचा होता, मायक्रोफोन खरखरत होता, आणि मी त्याच्यावरच चिडले. पाय धुऊन घे म्हटलं, तर तेही केलं नाही.

सातला नाटक सुरू झालं. भूत आलं तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरली. प्लासिड सरळ लेस्टरसमोर जाऊन उभा राहिला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे त्याने म्हणायचं होतं, माझा सूड घे. तो म्हणाला, "मला कुणी मारलं ते मी बघून आलोय. काकाला काही करू नको. तुझ्यावरही माझा राग नाही." मग त्याने हात पूर्ण वर उचलला. "देव तुला आशीर्वाद देवो."

लोकांना ते नाटकच वाटलं. लेस्टरने फक्त हात जोडायचे होते. तो बापाच्या पायांवरची लाल धूळ बघत खांबासारखा उभा राहिला. मी विंगेतून दोनदा पुढचं वाक्य सांगितलं. शेवटी भूत हात खाली करून आत निघून गेलं.

प्लासिड तसाच घरी निघाला. मी नळाखाली बादली लावली आणि तोंड धुऊन जा म्हटलं. मी, विज्ञानाची बाई. तो म्हणाला, "आमचं तोंड बावखलात धुतात, टीचर." ते बुजलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाप दुपारपासून पटांगणात असेल, हे लेस्टरनेच काकाला कळवलं होतं. एकदा विटा-मातीची भरणी पडली की भाऊ गप्प बसेल, असं सॅन्टन म्हणाला होता. दुपारभर डंपर येत होते. हे सगळं लेस्टरने मला नंतर स्वतः सांगितलं.

सकाळी प्लासिड त्या भरणीच्या काठावर बसलेला सापडला. पाठ माडाला टेकलेली, अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तोंडावर सफेदा तसाच होता. रेजिना ओला टॉवेल घेऊन धावली, तर लेस्टरने तिला अडवलं. तो भरणीत उतरला आणि हातांनी विटांचे तुकडे उपसू लागला. सॅन्टन बाजूला उभा राहून बघत होता. लेस्टरची नखं फुटली, तासाभराने खड्ड्यात ओंजळभर गढूळ पाणी जमलं. त्या पाण्याने त्याने बापाचं तोंड धुतलं, कानामागचा सफेदासुद्धा काढला.

मग त्याच मातीने भरलेल्या हातांनी तो गुडघ्यावर बसला आणि त्याने हात जोडले.